मोडलं म्हणजे नेमकं काय मोडलं?

मी एका दुपारी अकरा माणसांचे घटस्फोट केले. त्यातल्या नऊ जणांचं लग्नच झालेलं नव्हतं. वकील नाही, कोर्ट नाही. वर्ध्याच्या एसटी स्टँडामागच्या माझ्या दुकानात बसून, पुढ्यातला चहा निवायच्या आत. संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा मी आधी चांगलं चांगलंच लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाली, वाचून पाहिली, आणि वाटलं, ही बाई कोण बुवा, हिला एकदा भेटलं पाहिजे. ती पानं बाजूला ठेवली आणि हे लिहिते.

आधी धंदा सांगते. मी मूळची टायपिंगवाली. मशिनी भंगारात गेल्या तेव्हा कॉम्प्युटर शिकले. शिकवायला कुणी नव्हतं, चुकायला मात्र भरपूर जागा होती. आता लोकांना वेब ॲप्लिकेशन करून देते. म्हणजे असं बघा, तुम्ही मोबाइलवर एखादा फॉर्म भरता, बटण दाबता, आणि भरलेलं सगळं कुठंतरी जाऊन बसतं. मागितलं की परत मिळतं. जिथं जाऊन बसतं तो डेटाबेस. लोक वाखाणतात ते ॲप, आणि आम्ही निस्तरतो तो डेटाबेस.

हे डेटाबेस दोन स्वभावांचे. टायपिंगच्या परीक्षेत एक प्रश्न तक्त्याचा असायचा आणि एक पत्राचा. तक्त्याला आधी मोजून टॅब लावावे लागत. इथं नाव, इथं गाव, इथं वय. एकदा टॅब लागले की कळ दाबली की मशीन नेमकी त्या जागी जाऊन थांबे. हा झाला कडक स्कीमा. डेटाबेसला आधीच बजावून ठेवायचं, बाबा रे, या रकान्यात आकडाच येईल, त्या रकान्यात तारीखच येईल, दुसरं काही आलं तर दारातूनच परत पाठव. पत्राला टॅब नसतात. ज्याला जे सुचेल ते, जितकं सुचेल तितकं. हा झाला स्कीमालेस. प्रत्येक माणसाचं एक पाकीट, आत काय आहे ते उघडल्यावर कळणार.

तक्ता बरा की पत्र बरं, यावरून मोठ्या शहरांतली पोरं म्हणे एकमेकांशी बोलेनाशी होतात. आमच्याकडे हा वाद गिऱ्हाईकच मिटवतं. एक ट्रॅक्टर भाड्यानं देणारे आले होते. मी म्हटलं, ट्रॅक्टर मोकळा आहे आणि मोकळा नाही, असे दोन पर्याय ठेवते. "तीन ठेवा ताई," ते म्हणाले, "मोकळा आहे, मोकळा नाई, आन् मोकळा आहे पण त्याले देणार नाई." एका मंगल कार्यालयाच्या मालकांना बुकिंगच्या तारखेत 'बहुतेक' लिहायची सोय हवी होती. तारखेच्या रकान्यात 'बहुतेक' बसत नाही, हे मी त्यांना तासभर समजावलं. "मंग तुमचा कॉम्प्युटर अजून तयार नाई झाला," म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे परत गेले. त्यांच्या कार्यालयात एका दिवशी दोन वराती आजवर आलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

तर एके दिवशी आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष गुणवंतभाऊ दुकानात आले. रिटायर्ड ग्रामसेवक. भरलेला फॉर्म पाहिला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं.

"ताई, पुस्तिका छापून येईपर्यंत पोरींची लग्नं होऊन जातेत, आन् पोरांची होतच नाई. आता ऑनलाइन करून टाका."

मी तक्ता आखायला घेतला. नेमका तेव्हाच अधिक महिना लागला आणि लेक-जावई पुण्याहून आले. जवाईबापू कंपनीत याच कामात आहेत. त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि एखाद्याच्या घरी अजून पाटा-वरवंटा दिसावा तसं हसले.

"आई, टेबलं कोण करतं आता? स्कीमालेस घ्या. लोकांना जे भरायचं ते भरू द्या. रकान्याचं नावसुद्धा त्यांनाच देऊ द्या."

आतून लेक ओरडली, "आई, यांना घरी मोज्यांची जोडी सापडत नाही, एवढं लक्षात ठेव."

लक्षात ठेवून काय करणार? ज्याच्यापुढे तेहेतीस अनारसे मांडायचे, त्याला त्याच तोंडानं 'तुमचं चुकतंय' कसं म्हणायचं? अशा रीतीनं आमच्या मंडळाचा डेटाबेस स्कीमालेस झाला. जगात याची आणखी काही तांत्रिक कारणं असतील.

नावं येऊ लागली. जवाईबापूंनी पहिलंच पाकीट उघडलं ते रोहण्याच्या उज्ज्वलाचं. वय एकतीस, काम: सांबार, मेथी, वांगे, बाजार.

"आई, हिचं हॉटेल आहे का? सांबार विकते."

"कोथिंबीर हो, जवाईबापू. आपल्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात."

ते थोडा वेळ गप्प बसले. एवढा एक फायदा स्कीमालेसचा मला तिथल्या तिथं दिसला.

महिनाभरात पाकिटांचा ढीग झाला. कुणी 'नोकरी' लिहिलं, कुणी 'नौकरी', कुणी 'जॉब', कुणी 'सर्व्हिस', आणि एका बापानं रकान्याला नाव दिलं, 'सध्या काय करून राह्यला'. वय: लग्नाचं झालं. उंची: आईच्या खांद्याच्या वर. रंग: गोरा, वावरात सावळा. अपेक्षा: मुलगी शिकलेली असावी पण प्रश्न विचारणारी नसावी. गुणवंतभाऊंनी 'नोकरी पर्मनंट' असं शोधलं तर उत्तर आलं शून्य.

"ताई, अख्ख्या जिल्ह्यात एक पोरगं पर्मनंट नाई?"

तसं ते बरंचसं खरं होतं, पण अगदी शून्य नव्हतं.

मात्र एक गोष्ट कबूल करते. त्या पाकिटांत लोक खरं बोलत होते. एकीनं लिहिलं होतं, 'मुलाला डाव्या कानानं कमी ऐकू येते, उजव्या बाजूनं बोलल्यास अडचण नाही.' आता हे कुठल्या तक्त्यात मावेल? पण गुणवंतभाऊंना शोधायला तक्ताच हवा होता, आणि मलाही. मनातून मी तक्त्याचीच बाई. अधिक महिना संपला, जवाईबापू पुण्याला गेले, आणि मी टॅब लावायला बसले.

वैवाहिक स्थितीला तीनच पर्याय ठेवले: अविवाहित, घटस्फोटित, विधवा किंवा विधुर. मोकळं लिहायची जागा काढूनच टाकली. गुणवंतभाऊंचं म्हणणं, "लोकायले लिहाले जागा देली का ते लिहितेच."

जुन्या पाकिटांतला मजकूर नव्या तक्त्यात आणायचा होता. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जोखमीचं काम. एकेक पाकीट डोळ्यांनी वाचायला हवं होतं. मी वाचलं नाही. मी नियम लिहिला. आपल्याकडं 'घटस्फोट' हा शब्द स्वतःबद्दल कुणी लिहीत नाही, 'लग्न मोडलं' असं लिहितात. म्हणून नियम असा, की पाकिटात कुठंही मोडला, मोडली, मोडलं दिसलं की तो माणूस घटस्फोटित. हा नियम सुचला तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते. एका फटक्यात सगळी पाकिटं तक्त्यात गेली. कॉम्प्युटरनं एकही चूक दाखवली नाही. दाखवणार कशी? रकान्यात बसणारा शब्द आहे ना, एवढंच तो बघतो. खरा आहे का, हे विचारायची त्याला गरज वाटत नाही. माणसांतही असे असतात. ते बहुतेक करून मंडळाचे पदाधिकारी होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन गुणवंतभाऊंचा.

"ताई, माझा भाचा घटस्फोटित काऊन दाखवून राह्यले? त्याच्या आईले चक्कर आली!"

पाकीट उघडलं. 'क्रिकेट खेळताना हात मोडला होता, आता पूर्ण बरा आहे.'

मग ओळच लागली. एकानं एफडी मोडली होती, दुकान टाकायला. एकानं जुनं घर मोडलं होतं, नवं बांधत होता, आणि त्यासाठीच त्याला बायको हवी होती. एका आईनं लिहिलं होतं, 'आमच्या मुलानं आजपर्यंत कोणाचं मन मोडलं नाही.' तोही घटस्फोटित. मी हसले, खोटं कशाला सांगू? गुणवंतभाऊसुद्धा हसले, भाचा दुरुस्त झाल्यावर.

त्याच दिवशी दुपारी उज्ज्वला आली आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. रोहण्याहून दोन एसट्या बदलून आली होती. उभ्यानंच मोबाइल माझ्यापुढं काउंटरवर ठेवला.

"काकू, हे तुम्ही भरलं का?"

स्क्रीनवर तिचं नाव, आणि खाली: घटस्फोटित.

"माह्यं लग्न कवा झालतं, तेवढं मलेबी सांगा," ती म्हणाली. "मोडलं कवा, ते नंतर पाहू."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. नाचणगावच्या मंगेशशी तिची दोन-तीन आठवड्यांपासून बोलणी चालली होती. त्याच्याकडंही भाजीपाल्याचंच वावर. त्यानं याच साइटवर तिचं वाचून फोन केला होता. येत्या रविवारी तिकडची मंडळी रोहण्याला येणार होती. काल त्याच्या आईनं सहज साइट उघडली.

"कालपासून तो फोन उचलून नाई राह्यला. आन् बाबा माह्याशी बोलून नाई राह्यले. म्हणतेत, तूच काईतरी भरलं असशीन."

"अगं, मी आत्ता दुरुस्त करते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नका करू!" ती इतक्या जोरानं म्हणाली की बाहेरून जाणाऱ्यानं आत वाकून पाहिलं. "आता अविवाहित केलं त म्हणतीन, पकडली तवा बदलवलं. दुरुस्त केलं का ते खोटंच दिसते. तुम्ही सोबत चला, काकू. तोंडानं सांगा."

इतक्या वर्षांत माझ्या चुकीसाठी मी कुणाच्या दारात गेले नव्हते. डेटाबेस दुरुस्त करायचा, पुढं निघायचं. पण तिचं बरोबर होतं. मी लॅपटॉप पिशवीत टाकला, दुकानाचं शटर ओढलं, आणि आम्ही पुलगावची एसटी धरली. तिथून ऑटोनं नाचणगाव.

मंगेशच्या आईनं आम्हाला ओसरीत बसवलं. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही, त्यावरून मी काय ते समजले. मंगेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ना आत, ना बाहेर.

मी सगळं सांगितलं. ती बाई शांतपणे ऐकत होती, हातानं लुगड्यावरचा नसलेला कचरा झटकत.

"तुम्ही पोरीची बाजू घेऊन आल्या, चांगलं केलं," ती म्हणाली. "पण कॉम्प्युटर काऊन खोटं लिहिन? त्याले काय पडलं तिचं?"

"कॉम्प्युटरनं नाही लिहिलं. मी लिहिलं."

"मंग तुम्हाले काय पडलं होतं?"

"आळस केला," मी म्हटलं. धंद्यातला शब्द शोधला असता तर सापडला असता, पण त्या ओसरीत तो शोभला नसता.

लॅपटॉप उघडून मी त्यांना बाकीच्या दहा जणांची पाकिटं वाचून दाखवली. हात मोडलेला, एफडी मोडलेला, घर मोडलेला. मन न मोडलेल्या मुलाशी आले तेव्हा तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला.

"बिचारा," ती म्हणाली. "त्यानं त मोडलं बी नाई."

मंगेश मात्र हसला नाही. पहिल्यांदाच बोलला. "मले एक सांगा. तिचं लग्न झालतं का नाई, हे मी विचारून नाई राह्यलो. आधी तिथं एक ओळ होती. ती वाचूनच म्या फोन केलता. मंग ती ओळ गायब झाली आन् तिथं घटस्फोटित आलं. मले वाटलं ओळच खोटी होती. ती ओळ आहे का अजून?"

जुनी पाकिटं मी अजून पुसली नव्हती. नशीब म्हणा. उज्ज्वलाचं पाकीट उघडलं आणि लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"साक्षगंध झालं होतं. मीच मोडलं. कारण विचाराल तर सांगीन."

साक्षगंध म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माझ्या नियमाला त्यातला एकच शब्द दिसला होता. तीन पर्यायांच्या माझ्या सुबक यादीत 'मीच' कुठं बसवणार होते मी?

पण मंगेशच्या आईचा चेहरा बदलला. "पोरीनं मोडलं? तिकडच्यायनं नाई?"

"मीच मोडलं," उज्ज्वला म्हणाली.

"घटस्फोटित असती त नशीब म्हटलं असतं," ती बाई म्हणाली. "पण सोताहून मोडलं…"

वाटलं, मी आपला आळस झाकून गप्प बसले असते तर पोरीचं बरं झालं असतं. आमच्याकडं नवऱ्यानं टाकलेल्या बाईला एक रकाना आहे, नवरा मेलेल्या बाईला एक आहे. 'नको' म्हटलेल्या बाईला कुणी रकानाच आखलेला नाही. आणि आखणारी मीच होते.

"काऊन मोडलं?" आईनं विचारलं.

"ते म्हणत होते, बाजारात बसाचं नाई. तू पिकवजो, विकाले दीर जाईन. म्या म्हटलं, मंग भाव कोण ठरवीन? त म्हणाले, साक्षगंधातच इतकी बोलते. म्हटलं, मंग लग्नात जास्त बोलीन, आताच सोडा."

मंगेश जमिनीकडं बघत होता, पण कान इकडं होते. त्याच्या आईनं पदर सारखा केला. मग माझ्याकडं वळून, जणू मीच विचारलं होतं, अशी म्हणाली, "म्या बावीस वर्स बसली पुलगावच्या बाजारात. मले कोणी बस म्हटलं नाई, नको बी म्हटलं नाई. कोणी विचारलंच नाई." आणि उठली. "साखर चालते ना, बाई?"

परत येताना एसटीत उज्ज्वला खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "झालं की गं." ती म्हणाली, "काय झालं, काकू? चहा झाला." रविवारी ती मंडळी रोहण्याला गेली. बापाचा अबोला त्या दिवशी सुटला. हो मात्र कुणी म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

मी इकडं अकराही जणांना फोन लावून माफी मागितली. त्यात खरोखर घटस्फोटित असलेले दोघंही होते. त्यातला एक म्हणाला, "माझं बरोबर आहे मॅडम, पण कोणी फोन करून विचारलं, बरं वाटलं." मग एका आठवड्यात सगळी पाकिटं डोळ्यांनी वाचली आणि साइट नव्यानं केली. वय, उंची, गाव, शिक्षण, ज्यावरून लोक शोधतात ते सगळं तक्त्यात, टॅब लावून, कडक. आणि खाली एक मोकळी जागा, 'तुमच्या शब्दांत'. तिथं कुठलाही नियम हात लावणार नाही. गुणवंतभाऊ म्हणाले, लोक लिहितीन. मी म्हटलं, लिहू द्या.

जवाईबापूंना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आई, याला हायब्रीड म्हणतात. आता सगळे हेच करतात."

"अधिक महिन्यातही करत होते का?"

"हो… तेव्हाही करत होते," म्हणाले, आणि वर्ध्यात पाऊस कसा आहे ते विचारलं.

म्हणून कुणी विचारलं, स्कीमा हवा की नको, तर मी आता भांडत नाही. शोधायचं ते तक्त्यात ठेवा, समजून घ्यायचं ते पत्रात ठेवा. आणि एकातून दुसऱ्यात नेताना माणूस बसवा वाचायला. तो आळशी असला तर दोन बसवा.

मग मंडळाची वार्षिक सभा जवळ आली. गुणवंतभाऊंनी माझ्याकडून आणखी एक रकाना करून घेतला होता, 'निकाल'. त्यात दोनच पर्याय, जमलं आणि जमलं नाही. त्यांचा फोन आला.

"ताई, रोहणा-नाचणगावचं काय टाकू? सगळे भरले, एवढं एकच बाकी आहे."

मी उज्ज्वलाला फोन लावला. मागं बाजाराचा कालवा ऐकू येत होता.

"काईच नका टाकू, काकू. आम्ही बोलून राह्यलो अजून. मागच्या बाजाराले तो आला, दिवसभर माह्या बाजूले बसला. मेथीची जुडी बांधता येत नाई त्याले. गिऱ्हाइकाच्या हातातच सुटते."

"मग?"

"मंग काई नाई. शिकून राह्यला. म्या बी पाहून राह्यली."

मी तो रकाना उघडला आणि रिकामा ठेवून बटण दाबलं. कॉम्प्युटरनं लाल अक्षरांत सांगितलं, निकाल भरणे आवश्यक आहे. हा नियम मीच लिहिला होता, गुणवंतभाऊंच्या समाधानासाठी. मी आत जाऊन तो काढला. पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी त्यानं मुकाट्यानं घेतलं.

गुणवंतभाऊंना कळवलं.

"ताई," ते म्हणाले, "ग्रामसेवकीच्या अख्ख्या नोकरीत म्या एक रकाना रिकामा सोडला नाई. सभेत काय वाचू?"

"वाचू नका भाऊ. त्यांचं चालू द्या."

त्यांनी फोन ठेवला. मी अधूनमधून तो रकाना उघडून बघते. अजून रिकामा आहे.